सोन्यातून साबणात

शेठ, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं राहिलंच आहे.

चिंचणीच्या तुमच्या कारखान्यात आम्ही आठ जण ओळीने बसून दागिन्यांचे डाय कोरायचो. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी खोदायची, सराफाने त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की फूल उठायचं. मी नवापूरच्या कोळ्याचा, विशीतला. एकदा तुमच्या वहीत नसलेली वेल मी मनाने कोरली. तुम्ही भिंगातून पाहिलीत, उठलात आणि सगळ्यांदेखत तो ठोकळा ग्राइंडरवर धरलात. तीन आठवड्यांचं काम सपाट. "तुजा हात जाळी विणायचा हाय. नक्षी मी देनार, तू निसती कोरायची." सगळे हसले, मीही हसलो. पण माझे कान तिखट आहेत. आधी कोण हसलं ते आजही सांगेन.

पुढे संगणकावर डाय कोरणारी मशीन आली, सराफ तिकडे वळले. तुम्ही "मशीनला हात हाय काय?" म्हणत बसलात. मी बोईसरच्या एका साबण कारखान्यात गेलो. वडी साच्याला चिकटून तिच्यावरची अक्षरं तुटत होती. मी खाचांच्या कडा जरा तिरक्या केल्या, वडी अलगद सुटली. मग बिस्किटांचे साचे आले, मग औषधी गोळ्यांचे. तुम्ही वाणगाव स्टेशनवर चारचौघांत म्हणालात, "गडी सोन्यातून साबणात गेला, आता आंगोळ तरी करंल." मी जिन्यावर होतो, शेठ.

आता मशीन माझ्याकडेही आहे. ढोबळ काम ती करते, कडा माणसं करतात. त्यांत तुमचा मुलगा आहे; तुमचा कारखाना बंद पडल्यावर आला. त्याच्याशी मी फार चांगला वागतो, मुद्दाम. वाईट वागलो तर लोक तुमची बाजू घेतील.

आपल्या धंद्यात नवं गिऱ्हाईक आधी विचारतं, कुणाच्या हाताखाली शिकलात. मागच्या सोमवारी एकाने विचारलं. तुमचा मुलगा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. मी म्हटलं, "कुनाच्या नाय. बघून बघून शिकलो." त्याची हातोडी थांबली, मग हळू सुरू झाली. मला बरं वाटलं.

हा कागद खणात टाकून कुलूप लावतो, त्याच्या हाती पडायला नको. पहिल्या दिवशी माझी बोटं धरून छिन्नी तुम्हीच चालवलीत, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.