तीन मापं आन एक डावा हात

चिरंजीव बापूराव यास,

रिठदहून आवडाबाईचा आशीर्वाद. तू छत्री इसरतं, जोडा इसरतं, सोयरिकीच्या बैठकीत नवरदेवाचंच नाव इसरला होता. म्हणून पयलेच सांगते, मी तुही मोठी बहीण. वहिनी, लेकरं, बैल समदे खुशाल असतीन असं धरून चालते. पत्र नातसून ललिता लिहून राह्यली.

दवाखान्यात त्या कर्करोगापायी माहं डावं थान काढलं तवा तू संगं होता. निघताना डॉक्टरीणबाईनं सांगतलं, आता हात सुजू शकते. दर आठ दिवसांनी कोपराच्या वर घेर मोजा, पयल्या मापाहून बोटभर वाढला तर लगेच या. पयलं माप तिनं चिठ्ठीवर लिहून तुह्या कोटाच्या खिशात टाकलं. मंग खिसा तुह्यासंगं अनसिंगले गेला आन हात रिठदले आला.

आता ताडून पाहाचं कशाशी? आधी जगदेव शिंप्याले बलावलं. त्यानं फीत लावून डावा हात जुन्या चोळीहून तीन बोटं जाड सांगतला. मंग चांगला हात मोजाले लावला, तर तोही दोन बोटं जाड! (चोळी कसू नये म्हणून तो दोन बोटं वाढवूनच सांगते. तीस वर्साची सवय.) मंग वाशीमच्या बजारात हिरालाल कासार. त्यानं डावा हात चोळला, दाबला, बोटं आवळली आन जुन्याच मापाच्या सहा हिरव्या बांगड्या सरकवल्या. म्हणे, "कायची सूज, आजी? हात तर नव्या नवरीचा हाये!" (त्याच्या दुकानात कोनाचाच हात कधी सुजला नाही.)

तिसरी अक्कल माही सोताची. दंडावर काजळाची रेघ ओढली, हंडा काठोकाठ भरून परातीत ठेवला आन रेघेपर्यंत हात बुडवला. सांडलेलं पाणी पावशेरानं मोजलं. उजव्याचं सात, डाव्याचं नऊ. दोनदा केलं, तेच. पाण्याले ना चोळी शिवाची ना बांगडी इकाची, म्हणून त्याचंच खरं धरते. पण हे दोन पावशेर दवाखान्यातूनच आणले का घरी आल्यावर वाढले, हे पाण्यालेही सांगता येत नाही. तुही चिठ्ठी आली, की जगदेवचा घेर दोन बोटं वजा करून ताडून पाहीन.

ता. क. चिठ्ठी टपालानं पाठवू नको, सोता घेऊन ये. हिरालालच्या सहाही बांगड्या आता निघत नाहीत. हात त्याहिच्या दोन्ही बाजूंनी फुगून राह्यला. पण माहे मालक, तुहे भाटवे, म्हणतात, मी जिता असतानी बांगड्या वाढवाच्या नाहीत. रागावत नाहीत, भेतात बिचारे. त्याहिचं सारं आयुष्य माह्या मनगटात अडकलं हाये.

आणखी ता. क. आल्याबरोबर चिठ्ठी त्याहिच्यापुढं मोठ्यानं वाच, आन शेवटी 'डाव्या हातात बांगडी घालू नये' असंही वाच. लिहिलेलं असो का नसो. त्याहिले वाचता येत नाही, मलेही नाही, आन ललिता तवा चुलीपाशी राहीन. (हे लिहाले ती तयार नव्हती.) दुसऱ्या दिवशी मले दवाखान्यात नेजो. चिठ्ठी हरवली असंन तर कोराच कागद वाच, पण ये.

वहिनीले सांग, तुह्यासंगं खाले सरगुंडे दे म्हणा, आन मोजून नको. तुहे भाटवे सरगुंड्यांच्या ताटावर बसले की अर्धा घंटा मान वर करत नाहीत. तेवढ्यात सहाही बांगड्या वाढवून होतात.