वेडा राघू हा पक्षी आहे

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
बाल निसर्ग परिचय केंद्र,
बुरहानपूर (म.प्र.)

विषय: कु. मृणाल प्रशांत शिंपी, इयत्ता पाचवी, हिने उत्तरपत्रिकेत लिहिलेली पक्ष्यांची मराठी नावे बरोबर असल्याचे लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ: १) आपली पक्षी ओळख स्पर्धा, दि. १२ जानेवारी २०२५
२) माझे अर्ज दि. २० जानेवारी व १० फेब्रुवारी २०२५

महोदय,

मी इतवाऱ्यातील सुबोध मराठी विद्यामंदिरात एकोणतीस वर्षे शिकवीत आहे. या विषयावरील हा माझा तिसरा अर्ज. पहिले दोन हिंदीत दिले होते. हिंदीत लिहिताना साळुंकीला मैना व चिमणीला गौरैया लिहावे लागले, आणि तसे लिहिताच तक्रार करण्यासारखे काही उरले नाही. म्हणून हा अर्ज मराठीत देत आहे. वाचताना अडचण आल्यास मी कार्यालयात येऊन वाचून दाखवीन.

१. गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी मी शाळेतील दहा-बारा मुलांना तापीवर राजघाटाला पक्षी पाहायला नेतो. दुर्बीण एकच आहे, ती पाळीपाळीने फिरते. पुस्तक मी आधी देत नाही. पक्षी कुठे बसला, शेपटी हलवतो का, चोच कशी आहे, हे पाहून वहीत चित्र काढायचे. नाव शेवटी. चिमणी उड्या मारत जाते आणि साळुंकी पावले टाकत चालते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की मुले विसरत नाहीत.

मृणाल पूर्वी वर्गात हजेरी देतानाही पुटपुटत असे. मागच्या मे महिन्यात आम्ही सारे झाडाकडे पाहत असताना ती एकदम मोठ्याने म्हणाली, "सर, टिटवी ओरडतेय. कुणीतरी तिच्या अंड्यांकडे चाललंय." पाहिले तर पलीकडच्या वाळूत दोन कुत्रे हुंगत फिरत होते. त्या दिवसापासून बाकीची मुले मला न विचारता तिलाच विचारू लागली. ती उत्तरे देऊ लागली, आणि पुढे वर्गातही तिचा आवाज ऐकू येऊ लागला. हे मुद्दाम लिहिले, कारण पुढे जे गेले ते हेच.

२. आपल्या माहितीपत्रकात उत्तरे हिंदी किंवा मराठीत लिहावीत असे छापले होते. पडद्यावर वीस पक्षी दाखवले. मृणालने विसांचीही नावे बरोबर लिहिली. तिला पाच गुण मिळाले. मोर, बुलबुल अशी जी नावे दोन्ही भाषांत सारखी आहेत, तेवढ्यांचेच. बाकीच्यांपुढे लाल शाईत शेरे आहेत. चिमणीपुढे "फैक्टरी की चिमनी नहीं, पक्षी का नाम लिखें." सातभाईपुढे "संख्या नहीं पूछी." कोतवालपुढे "पद नहीं पूछा." वेडा राघूपुढे "किसी व्यक्ति का नाम न लिखें."

परीक्षकांवर माझा राग नाही. एका दुपारी शेकडो उत्तरपत्रिका तपासायच्या तर माणूस उत्तरसूचीच पाहणार. सूचीत मराठी नावे नव्हती, एवढेच.

३. पहिल्या अर्जावर उत्तर आले की विद्यार्थिनीची उत्तरे सूचीशी जुळत नाहीत. दुसऱ्या अर्जावर, दोन्ही भाषांतील पक्षी एकच असल्याचे तज्ज्ञांचे प्रमाणपत्र मागवण्यात आले. मी ओळखीतल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी प्रत्येक पक्ष्याचे शास्त्रीय नाव लिहून सही करून दिली. ते पत्र "लॅटिन हे स्पर्धेचे माध्यम नाही" या शेऱ्यासह परत आले.

४. त्यानंतर आपल्या कार्यालयातील श्री. यादव यांनी, चांगल्या हेतूने, मला नाव दुरुस्तीचा फॉर्म भरायला सांगितला. "सरजी, चिड़िया तो वही है. पुराना नाम, नया नाम लिख दो, काम हो जाएगा." मी लिहिले. जुने नाव साळुंकी, नवे नाव मैना. दि. २८ फेब्रुवारी रोजी शाळेत सहभागाचे प्रमाणपत्र आले. ते कु. मैना प्रशांत शिंपी या नावाने आहे.

मुलीचे वडील प्रशांत शिंपी यांचे कपडे शिवण्याचे दुकान आहे. ते प्रमाणपत्र घेऊन आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "सर, राहू द्या आता. अजून अर्ज कराल तर पोरीचं आडनावही जाईल." ते हसत होते. मीही हसलो. मृणाल दाराशी उभी होती, ती हसली नाही.

५. मागच्या रविवारी ती घाटावर आली होती. काठावर खंड्या बसला होता. धाकट्या गोटूने तिला विचारले, "ताई, हा कोण?" ती म्हणाली, "सरांना विचार." नंतर मी तिची वही पाहिली. जानेवारीनंतरच्या पानांवर चित्रे पूर्वीपेक्षा चांगली आहेत. चोच, पाय, बसण्याची ढब, सगळे बिनचूक. नावाची जागा मात्र प्रत्येक पानावर कोरी आहे. मी कारण विचारले. ती म्हणाली, "नाव लिहिलंच नाही तर चूक होत नाही, सर."

एकोणतीस वर्षांत मी पुष्कळ मुलांच्या चुका दुरुस्त केल्या. या वाक्याची दुरुस्ती मला करता आली नाही, म्हणून आपल्याकडे आलो आहे.

तरी विनंती अशी की निकाल बदलू नये. ज्याला पहिला क्रमांक मिळाला त्या मुलानेही पक्षी ओळखलेच होते. मला गुण नकोत, नवे प्रमाणपत्रही नको. "तू लिहिलेली वीसही नावे बरोबर आहेत" एवढे एक वाक्य, आपल्या सहीने, मृणालच्या घरच्या पत्त्यावर ३१ मार्चपूर्वी पाठवावे. मुदत घालण्याचे कारण, आमच्याकडे मराठी पाचवीपर्यंतच आहे. एप्रिलपासून ती हिंदी शाळेत जाईल. तिथे ती साळुंकीला मैना म्हणेल, आणि म्हणावेच. पण आपण आजवर चुकीचे बोलत होतो, असे समजून म्हणू नये.

आपला नम्र व आता सवयीचा अर्जदार,

नंदकुमार भावसार
सहायक शिक्षक
बुरहानपूर, दि. ५ मार्च २०२५

सोबत: उत्तरपत्रिकेची छायाप्रत, आधीच्या दोन अर्जांच्या पोचपावत्या, प्राध्यापकांचे पत्र.