म्यान जुनं, कट्यार नवी

वेलचेरी, चेन्नई
५ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप शरदकाकांस क्षितिजचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतोय, म्हणून मनातल्या मनात घातलाय, गोड मानून घ्यावा.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? हेमलताकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं असं आईच्या पत्रातून कळलं. आता त्यांना तुमच्या शर्टावरचे डाग स्पष्ट दिसू लागतील, तेव्हा जपून असा. मी इथे मजेत आहे. लग्न तीन आठवड्यांवर आलंय, तरीही मजेत आहे.

तुम्ही कुरियरने पाठवलेलं आपल्या घराण्याच्या कट्यारीचं म्यान गेल्या जूनमध्येच पोचलं. ते रिकामं होतं याचं मला नवल वाटलं नाही. २००१ साली कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाला तुम्ही मोठ्या मनाने कट्यार दिलीत आणि परत घेताना म्यान उघडून बघितलं नाहीत, हे कऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त तुमच्या होणाऱ्या सुनेच्या, यामिनीच्या आजोबांना, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

आजोबा म्हणजे एकोजीराव. ही मंडळी तंजावरकडचे मराठे. पेपर तमिळ वाचतात, जेवतात सांबारभात, पण रीतिरिवाजाला आपल्याहून कडक. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही की पत्रिका मागितली नाही. एवढंच म्हणाले, "नवरदेवाच्या हाती कट्यार पाहिजे. तुमच्या घरी आहे नव्हे?" मी म्हणालो, "आहे की! दोनशे वर्षांची." (हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. यामिनीने टेबलाखालून पाय तुडवला, पण तोवर उशीर झाला होता.) म्हातारा इतका खूश झाला की त्याने तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. आता काका, तो होकार मला नव्हता, कट्यारीला होता. ती नसली तर तो राहील का, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग ठरवलं की म्यान खरं आहे, तर आत बसेल अशी कट्यार आपणच घडवावी. आमच्या गिंडीच्या कारखान्यामागे आरुमुगम आचारी म्हणून लोहार आहेत. (इथे आचारी म्हणजे स्वयंपाकी नव्हे, लोहार-सुतारांच्या नावापुढे लागतं ते.) दर रविवारी त्यांच्या भट्टीवर जाऊ लागलो. लॉरीच्या स्प्रिंगचा जुना पाटा घेतला, तो भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर घ्यायचा आणि घण घालायचा. तुम्हाला ठाऊकच आहे, मी क्वालिटी विभागातला माणूस. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर माल परत पाठवतो. पहिल्याच दिवशी मी व्हर्नियर काढून तापलेलं पातं मोजायला गेलो. आचारींनी माझा हात धरला, व्हर्नियर माझ्या खिशात परत ठेवलं आणि घण हातात दिला. पहिली कट्यार विळ्यासारखी वाकडी झाली. दुसरीला पाणी देताना टण्‌कन तडा गेला. तिसरी सरळ आली आणि म्यानात अशी अलगद बसली की मी भट्टीसमोर चक्क नाचलो. (गुडघा तेव्हाचाच.)

आचारींचा धाकटा भाऊ भांड्यांच्या दुकानात नावं घालायचं काम करतो. त्याने फावल्या वेळात छिन्नीने पात्यावर मुठीपासून टोकापर्यंत वेल कोरली, मधोमध दोन मोर. काका, इतकं सुंदर काम झालं की दाखवायला माणूस शोधत फिरावं. इथेच मला अवदसा आठवली. रिवाजाप्रमाणे टोकाला लिंबू खोचल्यावर कशी दिसेल ते बघावं म्हणून लिंबू खोचलं, कपाटावर ठेवली आणि ऑफिसच्या कामाला होसूरला गेलो. चार दिवसांनी येऊन बघतो तर टोकाकडचं चार बोटं पातं काळंठिक्कर! दोनशे वर्षांच्या रिवाजाने माझ्या पोलादाला चार दिवसांत खाल्लं. आपल्या पूर्वजांनी हे कसं निभावलं, कोण जाणे.

आचारींनी शिव्या देत (तमिळमध्ये, पण शिव्या समजतात) ते टोक घासून लख्ख केलं. डाग गेले, पण त्याबरोबर वेलही गेली. त्या मोकळ्या जागेत काहीतरी शोभेल असं कोर, असं मी भावाला सांगून आलो. त्याचा हात वर्षानुवर्षं लग्नाच्या भांड्यांवर बसलेला. मोकळी जागा आणि लग्न, एवढं कळल्यावर त्याने जे हजारो पातेल्यांवर घातलं तेच इथेही घातलं. आता माझ्या दोनशे वर्षांच्या कट्यारीवर ठळक आकड्यांत लिहिलंय: 26-11-2006.

असो. बाकी सर्व कुशल. काकूंना नमस्कार. तुमची आज्ञा येईपर्यंत आज्ञाधारक,
क्षितिज

ता. क. : येताना आपल्या मळ्यातलं चांगलं मोठं ईडलिंबू आणा. इथली लिंबं बारीक, त्यांनी 2006 हे साल झाकलं जात नाही, फार तर तारीख आणि महिना. पुन्हा डाग पडू नयेत म्हणून टोकाला तेलमेण लावायचं आचारींनी कबूल केलंय. आणि एकोजीरावांनी विचारलं तर दोनशे वर्षं म्हणा, कृपा करून. या पत्राचं कारण एवढंच.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालणार तोच एकोजीराव दारात! त्यांना कट्यार बघायचीच होती. त्यांनी ती म्यानातून काढली, चष्मा पुसला, आकडे वाचले. मी सगळं खरं सांगून टाकलं, तुमच्या म्यानासकट. त्यांनी माझे तळहात उलटे करून फोड बघितले. "ही तुम्ही घडविली?" मी मान हलवली. ईडलिंबाचा बेतही सांगितला, तर म्हणाले, "नको. तारीख दिसूं द्या. दोनशे वर्षांनी कोणीं विचारलं तर खरं सांगायला बरं." काका, मला रडू आलं, लपवत नाही. तेव्हा ईडलिंबू राहू द्या, साधं लिंबू पुरे.

ता. क. ३ : आपली जुनी कट्यार कुणी परत आणून दिली, तर लग्न होईपर्यंत घेऊ नका.