खोडलेली उत्तरे

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ

माझा नवा खोडरबर आठवड्यात अर्धा झाला! या घोर अनर्थाची नोंद करायला बसलो होतो, तेवढ्यात आमच्या कन्येची, मुक्ताची, गणिताची उत्तरपत्रिका हाती आली. महापालिकेची शाळा, सातवी, वीसपैकी तीन गुण. उजेडात धरली, तर खोडलेली उत्तरं दिसली. सगळी बरोबर!

"हे काय गं?"

"बाबा, नापासांच्या जादा तासाला आम्ही पाचच जणी असतो. मॅडमना हवं ते विचारता येतं. वर्गात साठ जणी, कधी विचारणार?"

 मी वेदपाठशाळेत बारा वर्षं घोकलं, पण गुरुजींना एक प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. आणि ही त्यासाठी नापास होते!

खोडरबर तिलाच देऊन टाकला. पण मला ती काहीच विचारत नाही, ते मनाला लागलंय. पूर्वी विचारायची. मी म्हणायचो, "आधी पाठ कर."