कोठाराचा शेवटचा दगड

४ जानेवारी
आलो एकदाचा! बंदरावरच्या टेकडीवर किल्ला, किल्ल्यात कचेरी आणि कचेरीच्या खिडकीत मी. खाली बोटी, गोदी, अख्खं शहर. काम मजेचं आहे: गोऱ्यांनी बांधलेल्या या किल्ल्याचा इतिहास पितळी पाट्यांवर लिहायचा. बांधकामावरचा मुकादम माझाच खापरपणजोबा, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. आत्या फोनवर म्हणाली, घराण्याचं नाव काढ, उगाच काही उकरू मात्र नकोस.

६ जानेवारी
तटाखालचं दारूगोळ्याचं कोठार धोक्याचं झालंय. त्याचं तोंड दगडांनी कायमचं बंद करताहेत. इथल्या गवंड्यांची गंमतच आहे. शेवटचा दगड बसवण्याआधी आत हाक मारतात, "कोणी आहे का आत?" उंदीर मावेल एवढं भोक उरलेलं असलं तरी! मला हसू आवरेना. थोरला गवंडी हसला नाही. त्याला माझं नातं ठाऊक नव्हतं. म्हणाला, किल्ला बांधत होते तेव्हा हे कोठार एकदा असंच बुजवलं होतं. गोऱ्या साहेबाने विचारलं तेव्हा मुकादमाने बाहेरूनच सांगून टाकलं, "कोणी नाही." पाणी मागितलं म्हणून कोंडलेले मजूर आत होते.

९ जानेवारी
आत्याला खोदून खोदून विचारलं. म्हणाली, खरं आहे रे, पण घरातलं घरात राहू दे. दिवसभर मनाला खात होतं. शेवटी लिहून टाकलं: "या बांधकामात एकही मजूर दगावला नाही." पाटी झकास दिसते. मेलेली माणसं थोडीच भांडायला येणार आहेत!

१० जानेवारी
घसा बसलाय. थोरल्या गवंड्याने विचारलं, सकाळी कोठारात कोणाशी बोलत होतात? मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

१२ जानेवारी
आवाज पार गेला. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही. कोठारातून मात्र ऐकू येतो — माझाच. पाणी मागतो. भयंकर भीती वाटते. पाटी बदलावी का? पण आत्या — नको. राहू दे.

१३ जानेवारी
पाटी जागेवर नाही. कोठारात चकाकतंय काहीतरी. आज ते बंद होणार.

दुपार
गवंडी जेवायला गेले तसा अजून माणूस मावेल एवढ्या भोकातून आत शिरलो. पाटी इथेच होती. ती ओळ खरवडून काढलीय. पितळेवरून, नखांनी —

पाय धरलेत. किती हात आहेत — कोरडे, भेगाळलेले.

गवंडी आले. दगड चढताहेत. हलता येत नाही. लिहिता हात तेवढा मोकळा ठेवलाय. मुद्दाम.

थोरल्याने हाक मारली. विसरला नाही, देवा! तोंड उघडलं —

माझ्या मागून, अंधारातून, माझ्याच खणखणीत आवाजात उत्तर गेलं, "कोणी नाही."

उजेड बोटाएवढा. लिहितो, खरं लिहितो — पाणी मागणाऱ्यांना इथे जिवंत चिणलं. माझ्या खापरपणजोबाने. आणि मी ते