बिनचित्राचं कार्ड

३ मार्च

आले एकदाची सुरतेला. गोडादऱ्यात सुंदरामावशींच्या वरच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. मावशी अमळनेरच्या, आईच्या लांबच्या नात्यातल्या. तीस वर्षं टॅरो कार्डं बघतात. गिऱ्हाइकं त्यांना सुंदराबेन म्हणतात. मी टॅरो मोबाइलवरून शिकलेली. अर्थ पाठ, पाया कच्चा. तो इथे पक्का करायचा आणि जूनमध्ये भाविकाला इकडच्या शाळेत घालायचं. सहा वर्षांची पोर धुळ्याला आईकडे ठेवून आलेय. झोपताना माझ्या हनुवटीवरचा तीळ चाचपल्याशिवाय तिला झोप येत नाही. आता काय चाचपत असेल कोण जाणे.

जवळच्या पर्वत पाटिया भागात कापडाचे ताके तपासायचं काम आजच मिळालं. धुळ्यातही सहा वर्षं तेच केलं. कापडावरून बोट फिरवायचं, गाठ लागली की नखानं काढायची. मावशींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. पोटभर जेवले. मन खूश आहे.

६ मार्च

मावशींनी माझी पाठांतराची वही बाजूला ठेवायला लावली. कप, तलवारी, काठ्या, नाणी कशाच्या जागी आहेत, एकापासून दहापर्यंत काय वाढत जातं, बावीस मोठी कार्डं त्याच क्रमानं का, हे आधी. त्यात मला खोट काढता आली नाही. मग म्हणाल्या, आता डोळे मिटून बोटांनी ओळखायची. इथे शंकेची पाल चुकचुकली. खुणा केलेली कार्डं असणार, गिऱ्हाइकांना गंडवायला. त्या अंघोळीला गेल्यावर अठ्ठ्याहत्तर कार्डांच्या पाठी तपासल्या. एक खूण नाही. माझं बोट यात चुकत नाही.

आणखी एक. घरात आम्ही दोघी, पण मावशी रोज तीन ताटं घेतात. तिसरं गाईचं असेल.

१० मार्च

आज मला एक कोरं कार्ड दिलं. ज्याच्यासाठी शिकतेस त्याचं नाव मनात घेऊन रोज बोट फिरव, म्हणाल्या. नख लावायचं नाही, हे तीनदा बजावलं. मी भाविकाचं नाव घेतलं. वरच्या बाजूला बोटाला बारीक गाठ लागली. हाताची सवय, नख गेलंच. गाठ निघाली.

मावशींच्या हातातलं भांडं पडलं. "काय करी राहिनी तू?" एवढंच म्हणाल्या. नाटकी बाई आहे. मला घाबरवून मुठीत ठेवायचंय.

१२ मार्च

दुपारी आईचा फोन. मागे एकदा भाविका उंबऱ्यावर पडली होती तेव्हा कपाळाला तीन टाके पडले होते. ती खूण गेली म्हणे. आईला वाटतं हळदीनं गेली. आई आणि मावशी नात्यातल्या, दोघींनी मिळून रचलं नसेल कशावरून? व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. कपाळ साफ आहे.



१५ मार्च

भाविका बोलताना अडखळते. शाळेत पोरं चिडवतात, रडत घरी येते. आज कार्डाच्या मध्यावर दोन-तीन कण लागले. या वेळी मुद्दाम नख लावलं. संध्याकाळी फोनवर घडाघडा बोलली, एकदाही अडली नाही. मी ओढणीनं डोळे पुसले. मावशींना हे का नको असतं ते कळलं मला. सगळ्यांचं असं भलं झालं तर त्यांना कोण विचारणार?

१९ मार्च

त्यानंतर मी नख लावलेलं नाही. तरी कार्ड रोज जास्त गुळगुळीत लागतंय. ताक्यातला एक धागा ओढला की पुढचे निघत जातात, तसं. आई म्हणते पोर शहाणी झाली, हट्ट नाही, भांडण नाही. माझी आठवण काढते का विचारलं. आई नाही म्हणाली.

२१ मार्च

मावशींना सगळं सांगितलं, उपाय विचारला. त्यांनी कपाटातून स्वतःचं जुनं कोरं कार्ड काढून हातात दिलं. बोटाला काहीच लागलं नाही. मुलाचं आहे म्हणाल्या, गोपालचं. तो लहानपणी फार चिडका होता, म्हणून थोडं नख लावलं होतं. आता कुठे असतो विचारलं. घरातच, म्हणाल्या.

अठरा दिवस मी या घरात आहे. मला कुणी दिसलेलं नाही. तिसरं ताट मात्र रोज —

२३ मार्च

वैभवला फोन केला. सख्खा भाऊ माझा. म्हटलं आजच नीघ, भाविकाला घेऊन ये. तो म्हणतो, नूतनताई, कुणाला?

तीनदा सांगितलं. तीनदा विचारलं त्यानं —

२४ मार्च, दुपार

भाविका आली. आईनं तिचा हात धरायला लावला म्हणून वैभवनं आणलं, पण कुणाला आणलंय हे न कळल्यासारखा दारातूनच परत गेला. वळूनही बघितलं नाही.

तळहात बघितले तिचे. रेषा नाहीत. बोटांच्या टोकांवरही — नाहीत. गाल, कान, कपाळ. बोट कुठेच अडत नाही. हे मी केलं. माझ्या हातानं माझ्या पोरीला —

नखं आहेत.

थोड्या वेळानं

मांडीवर बसलीय. बोलत नाही. माझ्या तोंडावरून बोट फिरवतेय — गाल — हनुवटी. तीळ सापडला तिला. ओळखलं मला. ओळखलं माझ्या सोन्यानं —

बोट थांबलं.

नाही भाविका. नख नको. आई आहे ना मी तुझी, तो तीळ काढायचा नसतो, तो —