सहा नंबरच्या खाटेवरचे हात

४ नोव्हेंबर, सोमवार
आज सहा नंबरच्या आजोबांचे हात सोडले. कुणाला विचारलं नाही!

पन्नाशीला टेकल्यावर छापखाना बंद पडला, म्हणून रुग्णसेवकाचं शिक्षण घेतोय. आता वॉर्डात प्रत्यक्ष काम, दुपारची पाळी. बरोबरीची पोरं ‘काका’ म्हणतात – म्हणोत! पण माणसाला दावणीच्या गुरासारखं बांधायचं? आजोबांच्या नाकातून पोटात नळी आहे, अन्नपाणी तिच्यातूनच. दुपारनंतर त्यांना भ्रम होतो, नळी ओढतात. म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने खाटेच्या कठड्याला! पट्ट्या सोडल्या आणि त्यांचे हात हातात धरून बसलो. मनात नामस्मरण. नळीला धक्काही लागला नाही.

५ नोव्हेंबर
मोठ्या सिस्टर कडाडल्या. “आणि बाकीचे पेशंट काय वाऱ्यावर सोडायचे, काका?” त्यांचंही करतो, म्हटलं. “पुन्हा सोडलंत तर माझा चांगला शेरा विसरा!” शेरा नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय नोकरी कोण देणार? ठाऊक आहे.

पुन्हा सोडले.

६ नोव्हेंबर
ही म्हणाली, “शिकायला जाता की भांडायला?” म्हटलं, दोन्ही. हसली. मग म्हणाली, “हट्टाने चूल पेटत नाही हो.”

देवापुढे बसलो. त्याच्याकडे शेरा मागितला नाही.

८ नोव्हेंबर
व्हायचं ते झालं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठता उठता घसरले. त्यांना सावरायला धावलो, तेवढ्यात आजोबांनी नळी उपसली. नाकातून रक्त. नवी नळी घालताना ओकाऱ्या, डोळ्यांतून धारा. मी नुसता उभा.

“झालं समाधान?” – सिस्टर. उद्या सकाळी सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर घरी बसायचं.

नाही मागणार! आजोबांना त्रास झाला तो माझ्यामुळे, कबूल. पण बांधणं बरोबर होतं, असं माझ्या तोंडून कुणी वदवून घेऊ शकणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळचा वॉर्ड आज पहिल्यांदा पाहिला. आजोबा उशीला टेकून बसलेले, हात मोकळे, नजर स्वच्छ! सकाळी ते असे असतात, हे मला माहीतच नव्हतं.

“काल माझे हात कुणी सोडले?” आवाज घोगरा.

“मी,” ताठ मानेने सांगितलं.

“का रे बाबा? बांधा म्हणून मीच सांगितलंय, सकाळच्या सिस्टरला. दुपारनंतर मी माझा राहत नाही. धाकटीचे दिवस भरलेत. बाळाचं तोंड बघितल्याशिवाय मला जायचं नाही. मला विचारलं होतंस?”

नव्हतं विचारलं. त्यांच्यासाठी सगळ्यांशी भांडलो, त्यांच्याशी बोललोच नाही.

मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनीही विचारलं नसावं – चेहऱ्यावरून कळलं. माफी आजोबांची मागितली. सिस्टरची नाही.

त्याच दिवशी, दुपारी
मोठ्या सिस्टरनी पट्ट्या पुढे केल्या. मीच बांधल्या, बोट आत जाईल इतक्या सैल.

आजोबा म्हणाले, “आणखी घट्ट.”